आत्याची भिंत

आमची आत्या कुणाच्या घरी गेली की आधी भिंती बघायची. पाणी नको, पंखा नको, बसा म्हटलं तरी बसणं नाही. भिंतीवरची एखादी तसबीर सुताएवढी जरी कललेली दिसली तरी ती चपला काढून सरळ तिच्याकडे चालत जायची, उजव्या हाताची दोन बोटं चौकटीच्या खालच्या कोपऱ्याला लावायची आणि ती सरळ करायची. मग थोडं मागे येऊन, एक डोळा मिटून, पुन्हा बघायची. हे सगळं झालं की पदर सावरून बसायची आणि मग "कसे आहात" विचारायची. घरच्यांना कानकोंडं व्हायचं. आम्हा दोघा भावंडांना तर कुठे तोंड लपवू असं व्हायचं. आत्याच्या चेहऱ्यावर मात्र नुसता राग असायचा. भिंतीवर असं वाकडं लटकत असताना या घरातल्या माणसांच्या घशाखाली घास उतरतो तरी कसा, हे तिला खरोखरच समजत नसे.

एकदा आम्ही राहायचो त्या धारमध्येच कुणाकडे तरी समाचाराला गेलो होतो. खोली माणसांनी भरलेली, सगळे खाली मान घालून गप्प. गेलेल्या गृहस्थांचा फोटो भिंतीवर होता आणि झेंडूच्या जाड हाराच्या वजनाने तो एका अंगाला कलंडला होता. आत्या उठली. बसलेल्या बायकांच्या मधून वाट काढत गेली, हार दोन्ही बाजूंना सारखा केला आणि फोटो ताळ्यावर आणला. "माणूस जन्मभर ताठ चालला," ती मोठ्याने म्हणाली, "आणि गेल्यावर याला असा कलंडून ठेवलाय." तिथल्या काकूंनी तेव्हा डोळ्यांना पदर लावला. दुःखाने की अपमानाने, ते मला आजही सांगता येणार नाही.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. धारला मुलींच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायची, त्याआधी काही वर्षं कुक्षीला होती. लग्न केलं नाही. आमची आई गेली तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते आणि माझा धाकटा भाऊ सुहास भिंत धरून उभं राहायला शिकत होता. वडिलांची नोकरी फिरतीची, आज खातेगाव तर उद्या टोंकखुर्द. मुलांचं काय करायचं यावर देवासच्या आमच्या घरात नातेवाईक चहा पीत चर्चा करत होते. आत्या धारहून आली, चर्चा ऐकली, उठून आमचे कपडे पिशवीत भरले आणि संध्याकाळच्या गाडीत आम्हाला बसवलं. रस्ताभर ती रागावलेली होती. मला वाटलं आमच्यावर. मोठी झाल्यावर कळलं की देवावर.

तिचा राग असाच होता. काम करणारा राग. शाळेतल्या मुली चित्र काढ म्हटलं की दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य आणि खाली झोपडी काढायच्या. आत्या ती वही उचलून विचारायची, "धार में कहाँ देखे बेटा तूने ये दो पहाड़? चल, दिखा मुझे." आणि खरंच त्या मुलीला हाताला धरून खिडकीपाशी न्यायची. खिडकीतून तलावाची कड दिसायची, कपडे वाळत घातलेले दिसायचे, एखादी म्हैस दिसायची. "ये बना," म्हणायची. घरीही तेच. सुहासने एकदा गाय काढली होती. आत्याने ती बराच वेळ बघितली, वही उलटी धरून बघितली, आणि मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "बाळ, तू गणित कर." त्याने केलं. आता देवासला त्याचा स्वतःचा पंपांच्या सुट्या भागांचा व्यवसाय आहे आणि तो बरा चाललाय.

पण आत्याचं खरं चित्र वर्षातून एकदाच व्हायचं, श्रावणात. आमच्यात श्रावण लागला की भिंतीवर जिवतीचा कागद लावतात. लेकरांना मांडीवर, कडेवर घेतलेली जिवती, सोबत बाकीचे देव. दर शुक्रवारी तिची पूजा, आघाडा-दूर्वांची माळ, पुरणाचा नैवेद्य, आणि पुरणाच्याच दिव्यांनी घरातल्या मुलांना ओवाळायचं. मुलं सुखरूप राहावीत म्हणून आईने करायची ही पूजा. छापील कागद तेव्हा धारला मिळत नसे, कुणीतरी पुण्याहून आणायचं. आम्ही गेलो त्या वर्षी असाच एक कागद आला आणि तो बघून आत्याचं डोकं फिरलं. "हिच्या डाव्या हाताला सहा बोटं आहेत," ती म्हणाली. "आणि ही पोरं बघ. सगळी एकाच साच्यातली, गोरी गोमटी. हिला कसं कळणार कुठली कुणाची?" तिने तो कागद घडी करून ठेवून दिला आणि स्वतः जिवती काढायला बसली. तिच्या जिवतीच्या मांडीवरच्या मुलाचं नाक वाहत होतं, तो सुहास. शेजारी पदर ओढत उभी असलेली, एक वेणी सुटलेली मुलगी, ती मी.

यावरही बोलणारे बोललेच. लग्न न झालेल्या बाईने जिवती पुजायची नसते, असं एका लांबच्या काकूंनी येऊन ऐकवलं. आत्या तेव्हा खळ शिजवत होती, कागद भिंतीला चिकटवायची कणकेची खळ. ढवळता ढवळता तिने मागे न बघता उत्तर दिलं. "जिवतीला मुलांशी काम आहे, माझ्या लग्नाशी नाही. मुलं माझ्याकडे आहेत, तेव्हा तिला इथेच यावं लागेल." काकू चहा न घेता गेल्या. जिवती दर वर्षी आली.

श्रावण सरला की तो कागद भिंतीवरून उतरवून पाण्यात सोडायचा असतो. आत्या नेमाने सोडायची. मी एकदा रडून हट्ट धरला होता की एवढं सुंदर चित्र ठेवून दे. "ते आपण ठेवायचं नसतं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी तुम्ही मोठी व्हाल, तेव्हा नवीन काढायला नको का?" पण नवीन चित्रातही आम्ही तेवढीच असायचो. मी पन्नाशीला आले, सुहासला चष्मा लागला, टक्कल पडलं, तरी जिवतीच्या मांडीवर त्याचं नाक वाहतच होतं. मी इंदूरला नोकरीला गेले, सुहास देवासला गेला, तेव्हापासून ओवाळायला समोर कुणी नसायचं. मुलं परगावी असली की अक्षता चारही दिशांना टाकतात. आत्या टाकायची. तिच्या खोलीच्या कोपऱ्यांत दिवाळीपर्यंत तांदळाचे दाणे सापडायचे.

तिची दृष्टी अधू झाली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा सुहास तिला म्हणाला, आता माझ्याकडे ये. त्याने देवासला नवीन घर बांधलं होतं. दिवाणखान्याच्या खिडकीतून देवीची टेकरी दिसते असं मोकळं घर. आत्या वर्षभर नाही म्हणाली, मग एकाच अटीवर हो म्हणाली. खिडकीसमोरची भिंत तिची. "दुसरं काही मागत नाही. एका श्रावणापुरती ती भिंत मला लागते," असं तिने त्याला माझ्यासमोर सांगितलं. सुहास म्हणाला, "अगं आत्या, ही काय मागायची गोष्ट आहे?" आणि मला बरं वाटलं. मला वाटलं, पोरगा शहाणा झाला.

आता खरं सांगते, पुढचं लिहितानाही माझं डोकं तापतं. आत्या आषाढात देवासला आली आणि कळलं की त्या भिंतीवर टीव्ही लागायचा आहे. घर सजवून देणाऱ्या एका मुलीने तसा नकाशा काढला होता. सोफा इथे, म्हणून टीव्ही तिथे. ती मुलगी घरात एकदाही सणाला आलेली नाही, तिला जिवती म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि आत्याची भिंत तिने एका दुपारी कागदावर देऊन टाकली होती. मी फोनवरून सुहासला हवं ते बोलले. तो ऐकून घेत राहिला आणि मग एकदम खुशीत म्हणाला, "ताई, तू टेंशन घेऊच नको. त्यावर इलाज निघालाय. आता असा टीव्ही येऊन राहिलाय की तो बंद केला की फोटोफ्रेम होतो. लाकडी चौकट वगैरे. भिंतीवर चित्र टांगलंय असंच वाटतं. श्रावणात आत्याची जिवती त्यावर लावू. तिचं पण काम झालं, आमचं पण." त्याला खरोखर वाटत होतं की त्याने सगळ्यांची सोय केली आहे.

मला वाटलं आत्या त्याला दाराबाहेर काढेल. ती म्हणाली, "बघू तरी काय आहे ते. पण निवडीन मी."

म्हणून आम्ही सगळे दुकानात गेलो. आत्या, सुहास, त्याची बायको मेघना आणि इंदूरहून मुद्दाम आलेली मी. मोठं दुकान, भिंतभर टीव्ही, आणि प्रत्येकात काहीतरी धावत, उडत, फुटत असलेलं. त्यातच एका कोपऱ्यात ते चित्राचे टीव्ही होते, शहाण्या मुलांसारखे शांत. दुकानातल्या विक्रेत्याने सुहासला बाजूला घेतलं, "अरे भिया, पेले आंटीजी को बिठाओ." आत्या बसली नाही. तिने चष्मा पुसला आणि एकेका टीव्हीसमोर उभी राहून, एक डोळा मिटून बघायला लागली. विक्रेता रिमोटने चित्रं बदलत होता. बर्फाचे डोंगर, जांभळी फुलं, टोपीवाली बाई.

"हे कुठलं?" आत्याने डोंगरांकडे बोट केलं.

"फॉरेन का है, आंटीजी. भोत चलता है ये वाला."

"घराच्या खिडकीतून टेकरी दिसते," आत्या म्हणाली, "आणि तिच्यासमोर हे लावायचं?"

मग ती चौकटीच्या बाजूला गेली, भिंतीला गाल लावावा इतकी जवळ, आणि तिरकं बघितलं. विक्रेत्याला वाटलं ती जाडी बघतेय. तो म्हणाला, "एकदम पतला है. और मैट है, चमकता नहीं, बिल्कुल कागज जैसा." आत्याने मान हलवली. "कागदावर उजेड पडतो. यातून उजेड येतोय."

"हओ, इसका खुद का उजाला है ना."

"तेच म्हणते मी," आत्या सुहासकडे वळली. "चित्र आपल्या उजेडाची वाट बघतं. सकाळी एक दिसतं, दिवेलागणीला दुसरं. हे आपलं सदा दुपारीच उभं."

सुहासने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. पण मला राग त्याच्यापेक्षा आत्याचा येत होता, कारण एवढं बोलून ती नाही म्हणत नव्हती. उलट कामाला लागली होती. तिने विक्रेत्याकडून टेप मागवला, सुहासला स्टुलावर बसवून त्याचे डोळे जमिनीपासून किती उंच येतात ते मोजलं, आणि टीव्ही त्याच उंचीला लागला पाहिजे, वर चढवलात तर मी उतरवीन, असं बजावलं. सुहासला सगळ्यात मोठा हवा होता. तिने त्याहून लहान निवडला. "एवढी मोठी जिवती घरात आली तर मुलं दचकतील," म्हणाली. चौकटीत पांढरा, काळा आणि लाकडी रंग होता. तिने तिन्हींवरून हात फिरवला, काहीच लाकूड नाही हे तिला पहिल्या स्पर्शातच कळलं असणार, आणि तरी लाकडी घेतला. ज्या गोष्टीवर तिची जिवती येणार होती ती निवडताना तिला वेठ मारता येत नव्हती. ती त्या खोट्या चौकटीचे कोपरे जीव ओतून तपासत होती आणि मेघना मागे मोबाइलवर सोफ्यांचे रंग बघत होती.

शेवटी विक्रेत्याने आपला हुकमाचा पत्ता टाकला. "और सबसे बढ़िया बात तो सुनो, आंटीजी. कमरे में कोई नहीं, तो ये अपने आप सो जाता है. कोई आया, हिला-डुला, तो फिर चालू."

आत्या थांबली. "म्हणजे कुणी बघत नसलं की चित्र नाही?"

"वीज वाचते ना, आत्या," सुहास म्हणाला.

"आपण बाहेर गेलो तर घरातल्या तसबिरी कुठे निघून जातात का?" तिने विचारलं. त्यावर विक्रेता हसला, सुहास हसला, आणि टीव्ही घेतला गेला.

बसवायला आलेल्या माणसाने तो आत्याने सांगितलेल्या उंचीला बसवला, हे कबूल. पण डावी बाजू जराशी खाली. कुणालाच दिसलं नाही. आत्याने दिवाणखान्यात येता येताच बघितलं, पुढे झाली, दोन बोटं कोपऱ्याला लावली. तो हलला नाही. तिने पुन्हा जोर लावला. मेघना आतून धावत आली, "आत्या, अहो, तो स्क्रूने फिट आहे." आत्याने हात मागे घेतला आणि बोटांकडे बघितलं. त्या बोटांचं न ऐकणारी चौकट तिला जन्मात पहिल्यांदा भेटली होती.

तरीही तिने जिवती काढली. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसली होती. हात थरथरायचा, एका रेघेच्या दोन व्हायच्या, मग त्या दोन रेघांमध्ये रंग भरून ती त्याचा जिवतीच्या पातळाचा काठ करायची. मांडीवर सुहास, शेजारी वेणी सुटलेली मी. या वर्षी पाठीमागे एक तिसरी आली, जिवतीच्या खांद्यावरून डोकावणारी, कानात काहीतरी घातलेली. ती सुहासची मुलगी गार्गी, बंगलोरला शिकत असलेली. सुहासने मोबाइलवर फोटो काढला, दोन-तीन बटणं दाबली, आणि भिंतीवर जिवती उजळली. आत्या बघत राहिली. "गेरूचा केशरी झाला," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण आली बाई."

शुक्रवारी मी सकाळीच देवासला पोचले. आत्याने आघाडा-दूर्वांची माळ केली होती. ती अडकवायला खिळा हवा होता आणि त्या अख्ख्या दिवाणखान्यात खिळा नव्हता. नव्या भिंतींना खिळे मारायचे नाहीत असं ठरलं होतं. आत्याने माळ चौकटीच्या वरच्या कडेवर ठेवली, ती घसरून पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. मग तिने करंगळीशेजारच्या बोटाला कुंकू लावलं आणि हात जिवतीच्या कपाळाकडे नेला.

"आत्या, कुंकू नका लावू हं त्याला," मेघना म्हणाली. बोलली अगदी मऊ, तिचा स्वभाव वाईट नाही. "पॅनल खराब होईल. मग कंपनीवाले बदलून पण देत नाहीत."

"मग कुठे लावू?"

"खाली सुपारी ठेवते ना मी. तिला लावा."

आत्याने सुपारीला कुंकू लावलं. ज्या बाईने समाचाराला गेलेल्या घरात कुणाची भीड ठेवली नाही, ती या पोरीसमोर एक शब्द बोलली नाही. मला ते सहन होईना. मी तोंड उघडणार तोच आत्याने माझ्याकडे बघितलं, वर्गात बघायची तसं.

मग ती पाटावर बसली आणि तिने डोळे मिटले. आत्या प्रार्थनेला बसली की पापणीही हलत नसे, लहानपणी आम्ही तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का ते बघायचो. आम्ही तिघंही तिच्या मागे, हात जोडून, तशीच न हलता उभी होतो, तिनेच शिकवलेली. बराच वेळ गेला. आणि जिवती विझली. समोर नुसता काळा चौकोन उरला.

सुहास हसला. "आत्या, जरा हात हलव. त्याला वाटून राहिलंय इथे कोणी नाहीच."

आत्याने डोळे उघडले. तिने त्या काळ्या चौकोनाकडे बघितलं. चकाकत नव्हता ना तो, म्हणून त्यात तिचा चेहराही दिसत नव्हता. "मी आहे की," ती म्हणाली. त्या आवाजात राग नव्हता, आणि आत्याच्या तोंडून बिनरागाचं वाक्य ऐकायची आम्हाला सवय नव्हती. मग हजेरीला मुलगी करते तसा तिने हात वर केला. जिवती परत आली. मला सगळ्यात जास्त संताप त्याचाच येतो, की तिने हात वर केला. तिला आपण असल्याचं त्या डब्याला सांगावं लागलं.

तिने पुरणाच्या दिव्यांनी आम्हाला ओवाळलं, गार्गीसाठी अक्षता चारही दिशांना टाकल्या, सगळ्यांना वाढलं आणि दुसऱ्या दिवशी धारच्या गाडीत बसली. तिची खोली तिने सोडलेली नव्हतीच, हे तेव्हा कळलं. जाताना कागदावरची जिवती गुंडाळून बरोबर नेली, तिथे खळीने आपल्या भिंतीवर चिकटवली, आणि श्रावण सरल्यावर नेहमीसारखी पाण्यात सोडली. सुहास दोनदा तिला आणायला गेला. दुसऱ्यांदा मीही बरोबर होते. तो म्हणाला, "टीव्हीची ती सेटिंग बदलून टाकली ना, आत्या. आता नाही बंद होत." ती तांदूळ निवडत होती. "तुझ्या घरात मला दिसायला हलावं लागतं," ती म्हणाली. "इथे मी नुसती बसून राहिले तरी असते." आणि सुहासचा चेहरा पडलेला बघून म्हणाली, "जेवून जा. वांग्याचं भरीत केलंय." तो जेवला.

पौषात ती गेली, धारला, आपल्या खुर्चीत. शेजारणीला वाटलं डोळे मिटून बसलीय. खोलीत जिवतीच्या जागी भिंतीवर खळीचा पिवळसर चौकोन होता, वर्षावर वर्षं चढून खडबडीत झालेला. तिच्या हातचं, कागदावरचं एकही चित्र आमच्याकडे उरलेलं नव्हतं. मी त्या चौकोनावर हात ठेवून रडले. सुहास तिकडे पाठ करून उभा होता. मी त्याच्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलले. त्याच्या घरी गेले नाही. राग धरावा तर कसा, हे मला आत्याने शिकवलं होतं.

श्रावण लागला तसा मेघनाचा फोन आला. "वन्सं, शुक्रवारी या." मी नाहीच म्हणणार होते. पण गेले, आणि इंदूर ते देवास काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत गेले.

दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर भिंत. टीव्ही तिथेच होता. त्याच्यावर, त्या मॅट काचेवर, कागद चिकटवलेला होता. कणकेच्या खळीने. खळ जास्त झालेली, कागदाला सुरकुत्या पडलेल्या, आणि पांढरे ओघळ लाकडी रंगाच्या चौकटीवरून खाली आलेले. वर भिंतीत एक भलामोठा खिळा ठोकलेला, आजूबाजूचा रंग उडालेला, आणि त्याला आघाडा-दूर्वांची माळ. कागदावर स्केचपेनांनी जिवती काढली होती. मांडीवरचं मूल गायीसारखं दिसत होतं. शेजारची मुलगीही गायीसारखीच दिसत होती, पण तिची एक वेणी सुटलेली होती. जिवतीच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. तिने जाड भिंगाचा चष्मा लावला होता, भुवया एकमेकींना भिडल्या होत्या, आणि ती आम्हा सगळ्यांवर भयंकर रागावलेली होती. तिच्या कपाळावर ओलं कुंकू होतं. मेघनाच्या बोटालाही होतं.

जुळवलेलं सगळं मी विसरले. "पॅनल?" एवढंच विचारलं.

"गेलं तेल लावत," सुहास म्हणाला. त्याच्या बाहीला खळ लागलेली होती.

मी जवळ गेले. कागद वाकडा लागला होता, चांगलाच, डावीकडे कललेला. खळ अजून ओली होती, सरकला असता. माझी दोन बोटं आपोआप कोपऱ्याकडे गेली. सुहासने माझं मनगट धरलं.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "तिला बघवणार नाही ते. येईल सरळ करायला."